ओढ आणि ओढीतला फरक

माझी भाची उन्हाळ्यात अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत गेली आणि भरती आल्यावर नावेने परतली. तेव्हापासून तिच्या डोक्यात समुद्रच आहे. कोजागिरीला नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर तिने विचारलं, "मामा, चंद्र समुद्राचं पाणी खेचतो, मग या तलावाचं का नाही?"

प्रश्न बिनतोड आहे. गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि त्या ओढीत जागोजागी पडणारा फरक, या दोन गोष्टी आपण एकच समजतो. भरती येते ती फरकामुळे.

नुसत्या ओढीत सूर्यापुढे चंद्र कुठेच नाही. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे. तो जवळपास ३९० पट लांब असूनही पृथ्वीवर त्याची ओढ चंद्राच्या सुमारे १८० पट भरते. ओढीनेच काम भागलं असतं, तर भरती रोज सूर्याच्या ठरल्या वेळेला आली असती. पण कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते आणि चंद्रही रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो.

आता फरक बघा. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे त्या अंतराचा तिसावा भाग. त्यामुळे चंद्राकडच्या बाजूला त्याची ओढ पलीकडच्या बाजूपेक्षा जवळपास ७ टक्के जास्त पडते. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर. त्याच्या दोन बाजूंच्या ओढीत टक्क्याचा पन्नासावा हिस्साही फरक नसतो. ओढ अंतराच्या वर्गाने घटते, फरक घनाने. म्हणून भरती आणण्यात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांचा जोर एका रेषेत येतो आणि उधाण येतं. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, तेव्हा भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती.

भरती दिवसातून दोनदा का, हेही फरकानेच उलगडतं. वर्धा रोडवर तीन मुलं एकामागे एक धावताहेत असं समजा: पुढचा सर्वांत वेगात, मागचा सर्वांत हळू. मधल्याला पुढचा दूर जाताना दिसेल आणि मागचाही दूर पडताना दिसेल. मधला मुलगा म्हणजे पृथ्वीचा गाभा. चंद्राकडचं पाणी त्याच्या पुढे जातं, पलीकडचं मागे राहतं आणि दोन्हीकडे फुगवटा येतो.

मग फुटाळा? त्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत चंद्राच्या ओढीत मोजण्याजोगा फरकच पडत नाही. समुद्रात हजारो किलोमीटरवरून पाणी बाजूने सरकत येऊन साचतं. तलावाला पाणी आणायला जागाच नाही. अमेरिकेतल्या अवाढव्य सरोवरांनाही उधाणाला ५ सेंटीमीटरची भरती येत नाही.

भाचीला मी आणखी एक गोष्ट सांगितली. हा फरक जमिनीलाही ताणतो. नागपूरची जमीन, झिरो माईलच्या खांबासकट, दिवसातून दोनदा २० ते ३० सेंटीमीटर, म्हणजे वीतभर, वर-खाली होते. तलाव, काठ, आपण बसलो ती पायरी, सगळं एकदम उचललं जातं, म्हणून काठाच्या दगडावरची पाण्याची रेघ जागची हलत नाही.