ऊती

ऊती : समान उगम असलेल्या आणि एक ठरावीक काम मिळून करणाऱ्या पेशींचा समूह. साध्या ऊतीत सगळ्या पेशी एकाच प्रकारच्या असतात, तर जटिल ऊतीत एकाहून अधिक प्रकारच्या पेशी एकत्र येतात. अमिबासारख्या एकपेशीय जीवात खाणे, हालणे, श्वसन हे सारे एकच पेशी करते. बहुपेशीय जीवांत कामाची वाटणी झाली आणि ऊती निर्माण झाल्या.

संस्कृतात ‘ऊति’ म्हणजे विणकाम. ‘ओतप्रोत’ या शब्दातही हेच विणणे आहे. येवल्याच्या मागावर पैठणीचा ताणाबाणा पाहिलेल्या माणसाला ही संज्ञा लगेच पटावी. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ झाव्हिए बिशा याने 1800 च्या सुमारास मानवी शरीरातील 21 प्रकारच्या ऊती वेगळ्या ओळखल्या आणि त्याही सूक्ष्मदर्शकाशिवाय, शवविच्छेदनातून. त्याचा फ्रेंच शब्दही विणलेल्या कापडावरूनच आलेला आहे.

वनस्पतींतील ऊती : यांचे विभाजी आणि स्थायी (विभागणे थांबलेल्या) असे दोन गट पडतात. शाळेत ही वर्गवारी तक्त्यातून पाठ होते, पण ती समजते द्राक्षाच्या बागेत. निफाड-दिंडोरीकडचा बागाईतदार कात्री आणि चाकू घेऊन वर्षभर जे करतो, ते कोणती ऊती कुठे आहे हे ओळखूनच.

विभाजी ऊतीच्या पेशी सतत विभागत राहतात. शेंड्यावरच्या विभाजी ऊतीमुळे नवी फूट, म्हणजे कोवळी फांदी, लांब वाढते. म्हणून शेंडा मारला की ती वाढ थांबते आणि बगलफुटी निघतात. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या नव्या काडीच्या डोळ्यांत, म्हणजे सुप्त अंकुरांत, हीच ऊती पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड घडवते. ऑक्टोबरच्या छाटणीआधी अनेक जण काडी तपासून घेतात. डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहतात आणि मगच कात्री कुठे लावायची ते ठरते.

दुसरी विभाजी ऊती साल आणि लाकूड यांच्या मधोमध, पातळ ओलसर थरात असते. तिला पार्श्व विभाजी ऊती म्हणतात. खोडाची जाडी तिच्यामुळे वाढते. डॉगरिज या द्राक्षजातीच्या मुळे असलेल्या खुंटावर थॉमसन या द्राक्षजातीची काडी पाचर कलमाने बसवताना दोघांचे हे थर एकमेकांना भिडावे लागतात. ते भिडले नाहीत तर काडी वाळते, मग पट्टी कितीही घट्ट बांधा. कांदा, ऊस, नारळ यांच्या खोडात हा थर नसतो, म्हणून त्यांचे असे कलम होत नाही.

या थराच्या आतल्या बाजूला जलवाहिनी तयार होते आणि बाहेरच्या बाजूला रसवाहिनी; या दोन्ही स्थायी ऊती. जलवाहिनीतून पाणी व क्षार मुळांकडून वर चढतात. तिच्या बहुतेक पेशी मृत, पोकळ व जाड भिंतींच्या असतात. मेल्यावरच त्या उपयोगी पडतात, हे वनस्पतींचे मोठे वैशिष्ट्य मानले पाहिजे. छाटणीनंतर काडीच्या टोकाशी पाण्याचे थेंब गळतात ते मुळांच्या दाबामुळे. वेलीतला हा दाब इंग्रज शास्त्रज्ञ स्टीफन हेल्स याने मोजून 1727 मध्ये प्रसिद्ध केला.

रसवाहिनी जिवंत असते. चाळणी नलिकांमधून ती पानांत तयार झालेली साखर घड, मुळे, शेंडे अशा गरजेच्या जागी नेते. गर्डलिंग तिच्यावरच केले जाते. मणी लहान असताना खोडाची वा ओलांड्याची (तारेवर आडव्या वाढवलेल्या फांदीची) काही मिलिमीटर रुंदीची साल गोल काढली, की खाली जाणारी साखर अडते व मण्यांना मिळते. पाणी मात्र आतल्या लाकडातून चढतच राहते. काही आठवड्यांत जखम भरून वाट पुन्हा जुळते. पण काप फार रुंद वा खोल गेला तर मुळे उपाशी राहतात आणि वेल खचते. साल काढल्यावर कापाच्या वरची बाजू फुगते, हे इटालियन शास्त्रज्ञ मार्चेल्लो माल्पिगी याने सतराव्या शतकातच पाहून ठेवले होते.

अपित्वचा हे बाहेरचे आवरण. लासलगावच्या कांद्याच्या पाकळीवरून निघणारा पारदर्शक पापुद्रा म्हणजे एकाच थराची अपित्वचा. आयोडीनचा थेंब टाकला की विटांसारख्या पेशी आणि त्यांतली केंद्रके स्पष्ट दिसतात. द्राक्षमण्याच्या अपित्वचेवर मेणाचा लेप असतो आणि तो आतले पाणी राखतो. बेदाणा करताना डिपिंग ऑईल व पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात घड बुडवतात, ते या लेपातून पाण्याला वाट करून देण्यासाठी.

उरलेल्या स्थायी ऊतींपैकी मृदू ऊती अन्न साठवते, स्थूलकोन ऊती देठांना लवचीकपणा देते, दृढ ऊती कणखरपणा. काथ्या व ताग हे दृढ ऊतीचे तंतू आहेत आणि पेरू खाताना दाताखाली येणारी कचकचही तिचीच.

प्राण्यांतील ऊती : अभिस्तर, संयोजी, स्नायू आणि चेता असे चार प्रकार मानतात. ब्रह्मगिरी चढणाऱ्याच्या शरीरात चारही एकदम कामाला लागतात. चेता ऊती संदेश नेते. तिच्या काही पेशींचे तंतू कमरेपासून पावलापर्यंत सुमारे मीटरभर लांब असतात. पायांचे ऐच्छिक स्नायू आकुंचन पावतात, कंडरा तो ताण हाडापर्यंत पोहोचवतात, आणि हृद्स्नायू न थकता वेग वाढवतो. फुफ्फुसातल्या वायुकोशांचा अभिस्तर इतका पातळ असतो की ऑक्सिजन सहज रक्तात उतरतो.

रक्त ही संयोजी ऊती कशी, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा आणि रास्त प्रश्न आहे. संयोजी ऊतीत पेशी विरळ असतात व त्यांच्यामध्ये भरपूर आधारद्रव्य असते. हाडात ते कठीण, कास्थीत (कूर्चेत) चिवट आणि रक्तात द्रव असते. त्यालाच रक्तद्रव म्हणतात. कास्थीत रक्तवाहिन्या नसल्यामुळे गुडघ्याची झीज सहजी भरून येत नाही. याउलट आतड्याचा अभिस्तर चार-पाच दिवसांत नवा होतो.

ऊतीसंवर्धन : वनस्पतीच्या जिवंत पेशीतून, योग्य पोषण व संप्रेरके मिळाल्यास, अख्खे रोप वाढू शकते. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट याने 1902 मध्ये ही कल्पना मांडली. 1958 मध्ये गाजराच्या पेशींपासून रोपे तयार झाली. सटाणा-मालेगाव भागातल्या डाळिंबबागांत लागणारी टिश्यू कल्चरची रोपे याच तत्त्वावर, निर्जंतुक बाटल्यांत वाढवलेली असतात. मातृवृक्ष निरोगी निवडला तर तेल्यासारखा जिवाणूजन्य रोग रोपाबरोबर शेतात येत नाही. नंतर मात्र तो शेजारच्या बागेतून, पावसाच्या थेंबांबरोबर येऊ शकतो.