महिला संचालक

महिला संचालक : कंपनीच्या संचालक मंडळावर कायद्याने नेमावी लागणारी स्त्री सदस्य. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४९ ने ही नेमणूक पहिल्यांदा सक्तीची केली. शेअर बाजारात नोंदलेली प्रत्येक कंपनी या सक्तीच्या कक्षेत येते. नोंद नसलेल्या सार्वजनिक कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल १०० कोटी रुपये किंवा उलाढाल ३०० कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठली की तिलाही किमान एक महिला संचालक ठेवावी लागते.

सक्तीच्या कोट्याची कल्पना नॉर्वेची. तिथल्या संसदेने २००३ मध्ये संचालक मंडळांत स्त्रियांच्या किमान ४० टक्के प्रतिनिधित्वाचा कायदा केला आणि २००८ पर्यंत तो न पाळणाऱ्या कंपनीला थेट विसर्जनाची भीती घातली. भारताने टक्केवारीच्या वाटेला न जाता ‘किमान एक’ एवढेच म्हटले. मंडळावर पाच जण असोत की पंधरा, कायद्याचे समाधान एका स्त्रीवरच होते.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना बाजाराची नियामक संस्था सेबीने आधी १ ऑक्टोबर २०१४ ही मुदत दिली, नंतर ती १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढवली. वाढीव मुदत संपत आली तरी शेकडो खुर्च्या रिकाम्याच होत्या, आणि शेवटच्या काही आठवड्यांत नेमणुकांची झुंबड उडाली. मुदत चुकवणाऱ्यांसाठी सेबीने दंडाचा चढता तक्ता काढला : जूनअखेर नेमणूक केल्यास ५० हजार रुपये, सप्टेंबरअखेर केल्यास त्यावर रोज एक हजार, आणि १ ऑक्टोबर २०१५ नंतर १ लाख ४२ हजार अधिक रोज पाच हजार. कोट्यवधींची उलाढाल असलेल्या कंपनीला हा आकडा चहापाण्याच्या खर्चाइतकाच वाटला असेल.

या घाईत अनेक प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभी करून तिचा ताबा राखणाऱ्यांनी, घरातच शोध घेतला. पत्नी, मुलगी, बहीण, सून यांची नावे मंडळांवर आली. गावच्या राजकारणात ‘सरपंचपती’ पाहिलेल्या मराठी वाचकाला हे नवे वाटणार नाही. मात्र नातेवाईक म्हणजे नामधारीच, हे गणित सरसकट बरोबर नाही. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीत अनु आगा यांनी मनुष्यबळ विभागात काम केले होते. १९९६ मध्ये पती रोहिंटन यांचे निधन झाल्यावर त्या अध्यक्ष झाल्या. पुढे कंपनी तोट्यात गेली, तेव्हा त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळाची फेररचना केली आणि कंपनी सावरली. २००४ मध्ये त्यांनी अध्यक्षपद मुलगी मेहेर पदमजी यांच्याकडे सोपवले. हे सारे सक्ती येण्याच्या कितीतरी आधीचे.

नात्यातल्या नेमणुकांवरचा उपाय सेबीने नेमलेल्या उदय कोटक समितीने २०१७ मध्ये सुचवला : महिला संचालक स्वतंत्र हवी, म्हणजे प्रवर्तकांशी नाते नसलेली आणि कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेली. बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना हा नियम १ एप्रिल २०१९ पासून, तर पहिल्या १,००० कंपन्यांना एका वर्षाने लागू झाला. मग पात्र मानल्या गेलेल्या मोजक्याच स्त्रियांची नावे अनेक मंडळांवर दिसू लागली. एका व्यक्तीला शेअर बाजारात नोंदलेल्या सातपेक्षा जास्त कंपन्यांत संचालक राहता येत नाही, हा लगाम इथे कामी येतो.

सर्वांत विचित्र स्थिती सरकारी कंपन्यांची. त्यांचे संचालक संबंधित मंत्रालय नेमते. जागा रिकामी राहिली की शेअर बाजार कंपनीला रोज पाच हजारांप्रमाणे दंड लावतो, आणि ‘नेमणूक आमच्या हातात नाही, दंड माफ करावा’ असे पत्र कंपनी धाडते. नियम करणारे आणि तो मोडायला लावणारे अशी सरकारची दुहेरी भूमिका इथे दिसते.

बैठक भत्त्याबाबतचे एक बारीक कलम क्वचितच कोणाच्या लक्षात येते. एका बैठकीसाठी कमाल एक लाख रुपये देता येतात, आणि महिला व स्वतंत्र संचालकांचा भत्ता इतर संचालकांपेक्षा कमी ठेवता येत नाही. नेमलेली बाई प्रत्यक्ष बैठकीला बसते की नाही हे पाहायचे, तर वार्षिक अहवालातले कंपनी सुशासनाचे पान उघडावे. किती बैठका झाल्या आणि त्यांतल्या किती बैठकींना कोण हजर होते, याचा तक्ता तिथे असतो. बारा महिन्यांतल्या एकाही बैठकीला न आलेल्या संचालकाचे पद आपोआप रिकामे होते.

महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या समितीवर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्यामुळे पतसंस्था किंवा गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदाला हा प्रकार कंपन्यांच्या भागधारकापेक्षा जास्त परिचयाचा.

कायद्याचा हात मंडळापर्यंतच पोहोचतो. व्यवस्थापकीय संचालक, मुख्य वित्त अधिकारी यांसारख्या कार्यकारी पदांसाठी अशी सक्ती नाही, आणि रोजचे निर्णय तिथेच होतात. त्या पायरीपर्यंत चढलेल्या स्त्रिया मुख्यतः बँका व वित्तसंस्थांत दिसतात : भारतीय स्टेट बँकेत अरुंधती भट्टाचार्य (२०१३), एचडीएफसी लाइफमध्ये विभा पडळकर (२०१८). सेबीच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, माधबी पुरी बुच, आली ती २०२२ मध्ये, म्हणजे सेबीने कंपन्यांना महिला संचालक नेमायला लावल्यानंतर सात वर्षांनी.