इंजिनाच्या सुट्या भागांची घरगुती सफाई

इंजिन खोलल्यावर त्याच्या सुट्या भागांवर बसलेला तेल, ग्रीस, माती आणि काजळी यांचा थर घरच्या घरी काढण्याची पद्धत. मराठवाड्यात हे काम मुख्यतः विहिरीवरचे डिझेल इंजिन, ट्रॅक्टर आणि मोटारसायकल यांच्या बाबतीत करावे लागते. घमेले, तारेचा ब्रश, जुन्या धोतराच्या चिंध्या आणि डबाभर रॉकेल किंवा डिझेल एवढ्या साहित्यावर ते अंगणात उरकले जाते. बोलण्यात त्याला ‘इंजिन धुणे’ म्हणत असले, तरी पाण्याने धुणे हा त्यातला शेवटचा आणि सर्वांत लहान भाग आहे. खंडेनवमीला यंत्राची पूजा करण्यापूर्वी ते वरवर पुसून घेतात, ती सफाई वेगळी. येथे विचार आहे तो खोललेल्या इंजिनाचा.

या भागातील मळाचे वैशिष्ट्य त्यातल्या मातीत आहे. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचा अंश मोठा असतो, तिचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक असतात आणि पाणी लागताच ती फुगते व चिकटते. उन्हाळ्यात नांगरट किंवा मळणी चालू असताना हीच माती धूळ होऊन उडते आणि पॅकिंगमधून पाझरलेल्या तेलावर बसत जाते. ट्रॅक्टरच्या ऑइल बाथ एअर क्लीनरची (इंजिनात जाणारी हवा तेलाच्या साहाय्याने गाळणाऱ्या साधनाची) वाटी हंगामानंतर उघडली, तर वर पातळ काळे तेल आणि तळाशी बोट रुतेल असा लोण्यासारखा गाळ दिसतो. तेल रॉकेलमध्ये विरघळते, माती विरघळत नाही. ती मोकळी होऊन तेलाच्या बारीक छिद्रांत आणि बेअरिंगमध्ये जाऊन बसते. त्यामुळे या सफाईतली खरी अडचण तेलाची नसून मातीची आहे, आणि कामाचा क्रम त्यावरूनच ठरतो.

प्रथम जाड थर कोरडाच खरवडतात. आधीच पाणी मारले, तर तेलाखालचा थर तसाच राहतो आणि वरची माती मात्र फुगून फटींत लिंपली जाते. खरवडून झाल्यावर भाग रॉकेल किंवा डिझेलमध्ये काही तास भिजत ठेवून ब्रशने घासतात आणि दुसऱ्या घमेल्यात स्वच्छ द्रवाने विसळतात. पहिल्या घमेल्यातला काळा द्रव रात्रभर डब्यात स्थिर ठेवला की माती तळाशी बसते. वरचा निवळलेला द्रव पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्यासाठी चालतो. रेशनचे निळे रॉकेल दुर्मीळ झाल्यापासून बहुतेक ठिकाणी डिझेलच वापरतात. ते सावकाश वाळते आणि तेलकटपणा मागे ठेवते, एवढाच फरक.

पेट्रोलने मळ झटकन निघतो, म्हणून त्याचा मोह होतो. तो टाळणेच योग्य. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही पेट घेऊ शकते आणि हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत पोहोचते. रॉकेल व डिझेल तुलनेने सुरक्षित समजतात, परंतु ती समजूत हिवाळ्यापुरती खरी आहे. भारतीय मानकानुसार दोहोंचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानाला त्यांची वाफ ठिणगीने पेटू शकते तो अंक, किमान ३५ अंश असतो आणि मे महिन्यात मराठवाड्यातील दुपार ४० अंशांच्या वर जाते. अशा दुपारी पत्र्याच्या खोपीत उघड्या घमेल्याशेजारी बिडी पेटवणे हे पेट्रोलइतकेच धोक्याचे ठरू शकते. हे काम सकाळी, उघड्यावर करावे. डिझेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर घरात लहान मुले असताना अक्षम्य आहे.

कॉस्टिक सोड्याबद्दल गैरसमज फार आहे. सोडा वनस्पतिजन्य तेलाचा साबण करतो. इंजिन ऑइल खनिज असल्याने त्याचा तसा साबण होत नाही. बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) किंवा साध्या लोखंडी भागावर सोड्याचे गरम पाणी उपयोगी पडते, पण पिस्टन, कार्बोरेटर, मोटारसायकलचे हेड असे अॅल्युमिनियमचे भाग त्यात टाकले की फेस येतो, हायड्रोजन वायू सुटतो आणि धातूच खाल्ला जाऊन पृष्ठभाग काळा व खडबडीत होतो.

पिस्टनच्या माथ्यावरची काजळी कशातही नीट विरघळत नाही. ती डिझेलमध्ये भिजवून वेळूच्या किंवा कठीण लाकडाच्या पट्टीने काढावी, कारण पटाशीने अॅल्युमिनियमवर ओरखडे उठतात. रिंगच्या खाचांसाठी जुनी रिंग मोडून तिच्याच तुकड्याने खाच कोरण्याची मिस्त्री लोकांची रीत आहे. तुकडा खाचेत बरोबर बसतो, मात्र काजळी संपून धातूचा चकचकीतपणा दिसताच हात थांबवावा लागतो.

रबरी सील, क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर आणि कागदी फिल्टर यांना डिझेल लावू नये. डिझेल फवारणारे नोझल व डिझेल पंपाचा प्लंजर (दट्ट्या) यांच्या भागांतील फट काही मायक्रॉनांचीच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असल्याने त्यांना काचपेपर लावणे म्हणजे ते निकामी करणे होय. ते घरी खोलूच नयेत.

शेवटी साबणाच्या गरम पाण्याने धुणे येते. सिलिंडरच्या आतील बारीक रेघांत अडकलेले कण रॉकेलने निघत नाहीत, साबणपाण्यानेच निघतात. बोअरवेलच्या जड पाण्यात साधा साबण फाटतो, म्हणून धुण्याची पावडर बरी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात सगळी सफाई पाण्यावर सोडणे परवडत नाही, पण या एका टप्प्याला बादलीभर पाणी द्यावेच लागते. धुतलेले बीड काही मिनिटांतच गंजाने तांबूस होऊ लागते, म्हणून ते लगेच पुसून तेलाचा हात फिरवतात. पांढरी चिंधी आतून फिरवून बाहेर काढल्यावर राखाडी झाली, तर पुन्हा धुवायचे. ती पांढरीच निघाली की सिलिंडर बांधायला घेतात. या कामाला कापूस वापरू नये. शेतात तो मुबलक असला, तरी त्याचे तंतू तेलाच्या छिद्रांत अडकतात.

उरलेला गाळ व जळके ऑइल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतले जाते, ते चुकीचे आहे. वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना ते फासण्याची जुनी रीत अजून टिकून आहे, परंतु तेही अखेर मातीतच झिरपते. झाकणाच्या डब्यात साठवून जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे देणे हा त्यातल्या त्यात बरा मार्ग आहे.