नळीतला पीळ

होळीत ओला बांबू पडला की थोड्या वेळानं फाट् असा आवाज येतो. दोन पेरांच्या मध्ये कोंडलेली हवा आणि वाफ फुगते, तिला वाट मिळत नाही, बांबू फुटतो. सकाळी राखेत तो तुकडा सापडला तर नीट बघा. तो उभा चिरलेला असतो. आडवा तुटलेला मला तरी कधी दिसलेला नाही.

ठासणीच्या बंदुकीची नळी घडवणाऱ्या लोहारापुढे शेकडो वर्षं हाच बांबू उभा होता. कोल्हापुरात नव्या राजवाड्याच्या संग्रहालयात जुनी शस्त्रं बघताना लोक तलवारींपाशी रेंगाळतात आणि बंदुकांपुढून लगेच पुढं सरकतात. मला वाटतं, लोहाराचं खरं कसब बघायचं तर ते बंदुकीच्या नळीत.

ही बंदूक तोंडाकडून भरतात. आधी दारू, मग गोळी, मग गजानं ठासायचं. मागच्या बाजूला नळीला एक बारीक छिद्र असतं, त्याला कान म्हणतात. तिथं बाहेरून जाळ पोचला की आतली दारू पेट घेते. तोड्याच्या बंदुकीत हा जाळ धुमसत्या दोरीचा, चकमकीच्या बंदुकीत गारगोटीच्या ठिणगीचा. दारूतला सोरा जळणासाठी लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवतो, म्हणून बंद नळीतही ती भडकते. क्षणात तापलेला वायू तयार होतो आणि तो सगळ्या बाजूंना सारखाच दाब देतो.

दाब सारखा, मग नळी उभीच का फाटते? नळी मधोमध उभी कापली अशी कल्पना करा. दोन अर्धी पन्हळं एकमेकांपासून ढकलणारा वायू पन्हळाच्या पूर्ण रुंदीवर रेटतो, आणि त्यांना धरून ठेवायला दोन बाजूंच्या दोनच पातळ भिंती असतात. आता तीच नळी मुळ्यासारखी आडवी कापली असं समजा. इथं वायू फक्त गोल तोंडावर रेटतो आणि धरून ठेवायला भिंतीचं अख्खं कडं हजर. गणित मांडलं की पातळ भिंतीच्या बंद नळीत घेरावरचा ताण लांबीवरच्या ताणाच्या बरोबर दुप्पट निघतो. बॉयलर, सायकलची ट्यूब, ऑइल इंजिनचा सिलिंडर, सगळ्यांना हाच नियम लागू.

बांबूची अडचण तर दुहेरी. ताण घेरावर जास्त आणि त्याचे तंतू मात्र लांबीच्या दिशेनं. जुन्या घडीव लोखंडाचंही अगदी असंच होतं. भट्टीतून निघालेल्या त्या लोखंडात काचेसारखी मळी, म्हणजे स्लॅग, अडकलेली असे. ठोकून ठोकून पट्टी लांबवली की मळीचे बारीक धागे पट्टीच्या लांबीत पसरत. अशी पट्टी धाग्यांच्या दिशेनं ओढली तर चिवट, आडवी ओढली तर बरीच कमजोर. ती लांबीत दुमडून नळी केली तर धागे उभे, सांधाही उभा. म्हणजे लोखंडाचा बांबूच.

अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला १८व्या शतकातल्या रीतीनं अख्खी बंदूक हातानं घडवण्याची विद्या कारागिरांनी पुन्हा जागी केली. तिथली जुनी रीत उभ्या सांध्याचीच. भिंत जाड ठेवली की ती निभावते, पण बंदूक जड होते.

हिंदुस्थानातल्या अनेक कारागिरांनी दुसरी वाट धरली. त्यांनी पट्टी गजाभोवती फेट्यासारखी गुंडाळली आणि शुभ्र तापात, ठिणग्या उडायच्या बेताला, एकेक वेढा शेजारच्या वेढ्याशी ठोकून जोडला. आता धागे घेराच्या दिशेनं फिरतात. जिथं ताण सर्वांत जास्त, तिथं लोखंड सर्वांत चिवट. सांधाही उभा न राहता तिरका फिरत जातो. एवढ्या एका पिळानं नळी हलकी झाली आणि भरवशाचीही. फार सुंदर विचार आहे हा, आणि तो ताणाची सूत्रं कागदावर येण्याच्या आधीचा आहे.

तोफांमध्येही हीच समज दिसते. विजापूरच्या उपळी बुरुजावरची लांब तोफ लोखंडी पट्ट्यांवर कडी चढवून घडवलेली आहे. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना पाहिलंय ना? तापवून फुगवायची, चढवायची, पाणी ओतायचं. निवताना ती आवळते. धावेचं काम घेरावर, तसंच कड्यांचंही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यातला कुणी विचारेल, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतून नळी का नाही केली? साध्या बिडात ग्रॅफाइटचे पापुद्रे असतात. दाबाला बीड पहाडासारखं उभं राहतं, पण ताण आला की प्रत्येक पापुद्रा तडा सुरू व्हायची जागा ठरतो. बिडाच्या तोफा झाल्या, पण जाडजूड भिंतीच्या. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत मॅग्नेशियम घालून हेच पापुद्रे गोळीसारखे गोल करतात, त्याला एसजी आयर्न म्हणतात. ही युक्ती १९४०च्या दशकातली, ठासणीच्या बंदुका मागं पडल्यानंतरची.

पुढं कारागिरांनी लोखंड आणि पोलाद एकत्र पिळून त्याच पट्ट्या गुंडाळल्या. आम्लाचा हात फिरवला की दोन्ही धातू वेगवेगळे काळवंडतात आणि नळीवर लाटांची नक्षी उमटते. इंग्रज संशोधक बेसेमरनं १८५६ साली स्वस्त पोलादाची रीत जाहीर केली. मळीचे धागे नसलेलं, सगळ्या दिशांना सारखं बळकट पोलाद मुबलक झालं आणि पिळाची गरज सरली. आज आपल्याकडे ठासणीची बंदूकही १९५९च्या शस्त्र कायद्यात येते. परवान्याशिवाय ती घडवता येत नाही.

उरलेल्या नळ्यांचा वैरी म्हणजे आपला पाऊस. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त वजनाचे घन क्षार मागं राहतात. धूर आणि नळीतली काजळी त्यांचीच. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात आणि लोखंड गंजतं. म्हणून बार काढल्यावर नळी पाण्यानं धुवून, कोरडी करून तेल लावायची जुनी शिस्त होती. पण गंजानं एक गोष्ट दाखवलीही. लोखंड झिजतं, मळी तशीच राहते, आणि आतले धागे उघडे पडतात. पन्हाळ्याकडच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या दाराची गंजलेली घडीव कडी हातात घेऊन पाहा. तिच्यावर लाकडासारख्या रेघा दिसतील, कडीच्या वळणाबरोबर वळत गेलेल्या.