सर्च कन्सोलचे ४०० क्लिक, ॲनालिटिक्सची ३१० सेशन्स: आकडे जुळत का नाहीत आणि जुळवायचे कशाला

समजा, पुण्यातून एक साइट चालते. सिंहगड, राजगड, तोरणा अशा ट्रेकची माहिती आणि शनिवार-रविवारचं बुकिंग व्हॉट्सॲपवर. गेल्या आठवड्यात गूगल सर्च कन्सोल ४०० क्लिक दाखवतं. त्याच आठवड्यात गूगल ॲनालिटिक्समध्ये गूगल सर्चमधून आलेली सेशन्स (म्हणजे साइटला दिलेल्या भेटी) ३१०. दोन्ही साधनं गूगलचीच, दोन्ही फुकट. मग खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. सर्च कन्सोल साइटच्या बाहेर उभं असतं. गूगलच्या निकालांत तुमची लिंक कोणत्या शब्दांवर दिसली, कितव्या जागी आणि किती वेळा दाबली गेली, एवढंच त्याला माहीत. ॲनालिटिक्स आत बसलेलं असतं. पानातला जावास्क्रिप्टचा तुकडा चालला की त्याची मोजणी सुरू होते. वाचक आत काय करतो ते त्याला दिसतं, पण काय टाइप करून आला ते दिसत नाही. शोधलेले शब्द साइटमालकापासून लपवायला गूगलने ऑक्टोबर २०११मध्येच सुरुवात केली. लक्ष्मी रोडच्या हिशेबात सांगायचं तर एक जण पाटीकडे बघणारे मोजतो, दुसरा आत येऊन कापड उलगडून बघणारे.

ते ९० गेले कुठे?

क्लिक झाला तेव्हा सर्च कन्सोलने नोंद केली. पण पान उघडायला वेळ लागला, वाचक कंटाळून मागे गेला, आणि ॲनालिटिक्सचा कोड चालायच्या आतच मामला संपला. घाटात, एका कांडीच्या नेटवर्कवर ट्रेकची माहिती शोधणाऱ्यांच्या बाबतीत हे नेहमीचंच. दुसरी गळती जाहिराती रोखणाऱ्या एक्स्टेन्शनची. त्यातली बरीच ॲनालिटिक्सचा कोडही अडवतात. तिसरं कारण सहसा लक्षात येत नाही: पीडीएफ. ‘ट्रेकला काय न्यावं’ ही यादी पीडीएफमध्ये ठेवली असेल आणि गूगल ती थेट दाखवत असेल, तर तिचे क्लिक सर्च कन्सोलमध्ये येतील. पीडीएफमध्ये ॲनालिटिक्सचा कोड नसतो, त्यामुळे तिकडे शून्य.

उलटंही घडतं. एकच वाचक तुमचं पान बघून निकालांकडे परतला आणि पुन्हा तीच लिंक दाबली, तर सर्च कन्सोल एकच क्लिक धरतं. ॲनालिटिक्समध्ये ३० मिनिटं काही हालचाल झाली नाही की सेशन संपतं. पान उघडं ठेवून माणूस जेवायला गेला आणि तासाभराने त्याच पानावर परत खाली सरकला, तर दुसरं सेशन. शिवाय ॲनालिटिक्सच्या ‘ऑरगॅनिक सर्च’मध्ये (जाहिरातीविना, सर्चमधून आलेल्यांत) बिंगसारखी इतर सर्च इंजिनंही येतात. तुलना करायचीच असेल तर सोर्स (वाचक कुठून आला) ‘गूगल’ आणि मीडियम (कोणत्या वाटेने) ‘ऑरगॅनिक’ असा फिल्टर लावूनच करावी.

फरक दर आठवड्याला साधारण तेवढाच राहत असेल तर तो सोडून द्या. तो एकाएकी वाढला तर मात्र आधी कोड तपासा. थीम बदलताना तो उडालेला असतो, हे फार वेळा घडतं. एकाच पानावर तो दोनदा बसला, तर पेज व्ह्यू दुप्पट होतात आणि मालक उगाच खूश होतो.

दोघांचा दिवस एक नाही

सर्च कन्सोलचे रोजचे आकडे कॅलिफोर्नियाच्या घड्याळाने मांडलेले असतात. (फक्त २४ तासांचा तक्ता स्थानिक वेळेत दिसतो.) तिथली मध्यरात्र म्हणजे आपली दुपार: उन्हाळी वेळेत साडेबारा, हिवाळ्यात दीड. पुण्यातली दुकानं शटर खाली ओढतात त्या सुमारास गूगलची तारीख बदलते. म्हणजे रविवारी सकाळी सहा वाजता ‘सिंहगड रस्ता चालू आहे का’ असं शोधणारा सर्च कन्सोलमध्ये शनिवारच्या खात्यात पडतो. त्या आलेखावरून लेख कोणत्या वारी टाकायचा ते ठरवलं, तर वार चुकणार.

ॲनालिटिक्स तुम्ही प्रॉपर्टी (साइटचं खातं) करताना निवडलेल्या टाइम झोनने चालतं. तो अमेरिकेचा राहिला असेल तर भारताचा करा. बदल पुढच्या आकड्यांना लागू होतो, मागचे तसेच राहतात.

पुण्याचा वाचक कुठे दिसतो?

सर्च कन्सोलमध्ये शहर नाहीच. देश आणि डिव्हाइस, बस्स. ॲनालिटिक्समध्ये शहर आहे, पण तो आयपी पत्त्यावरून काढलेला अंदाज. मोबाइल डेटावर असलेला कोथरूडचा वाचक मुंबईचा दिसू शकतो. हिंजवडीत कंपनीच्या व्हीपीएनवर बसलेला सिंगापूरचा किंवा अमेरिकेचाही. ‘माझे ४० टक्के वाचक मुंबईचे’ म्हणून दादरहून निघणाऱ्या बसची जाहिरात करायच्या आधी हे आठवावं. वय आणि लिंग यांच्या तक्त्यांवर तर छोट्या साइटने वेळच घालवू नये. संख्या कमी असली की कुणाची ओळख पटू नये म्हणून गूगल त्या ओळी लपवतं.

पुणेकर शोधायची जास्त भरवशाची जागा गंमत म्हणजे सर्च कन्सोलच आहे, जिथे शहराचा रकानाच नाही. कारण माणूस आपलं ठिकाण शब्दांतून सांगतो: ‘पुण्याजवळचे एक दिवसाचे ट्रेक’, ‘स्वारगेटहून राजगडला कसं जायचं’. परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये क्वेरीवर (शोधलेल्या शब्दांवर) फिल्टर लावा, ‘कस्टम’ म्हणजे रेजेक्स (शब्दांचा नमुना) निवडा आणि लिहा: पुणे|पुण्या|स्वारगेट|कोथरूड|हडपसर. उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’. ‘पुणे’ आणि ‘पुण्या’ दोन्ही घ्यावे लागतात, कारण विभक्ती लागली की शब्द बदलतो. आपल्या भाषेची ही अडचण इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत सापडत नाही. हीच नावं रोमन लिपीत टाकून दुसरा फिल्टरही लावा. बरेच मराठी वाचक रोमनमध्येच टाइप करतात, आणि एकाच शब्दाची दोन लिप्यांतली रूपं सर्च कन्सोल वेगवेगळ्या ओळींत दाखवतं.

देवनागरीत शोधणारे किती ते बघायचं असेल तर रेजेक्समध्ये [अ-ह] एवढंच पुरतं. प्रश्न विचारणारे हवेत तर: किती|कसे|कसं|कुठून|कधी.

इथे एक खाच आहे. दोन-तीन महिन्यांत मोजक्या काही डझन लोकांनीही न शोधलेले शब्द गोपनीयतेसाठी तक्त्यात दिसत नाहीत. ते एकूण बेरजेत असतात, पण ओळींत नसतात. क्वेरीचा फिल्टर लावला की तेही गळतात, म्हणून आकडा एकदम खाली येतो. मराठीत लांबलचक, ज्याच्या त्याच्या बोलीतले शोध खूप असतात. त्यामुळे मराठी साइटचा मोठा हिस्सा या लपलेल्या भागात जातो. शिवाय तक्ता १,००० ओळींपर्यंतच. फिल्टरमधून आलेला आकडा जनगणना समजू नका, शितावरून भाताची परीक्षा समजा.

इंप्रेशन म्हणजे नजर नव्हे

निकालांच्या ज्या पानावर तुमची लिंक आहे ते उघडलं की साधारणपणे इंप्रेशन धरलं जातं. वाचकाने तिथपर्यंत स्क्रोल केलं नाही तरीही. आता समजा ‘सिंहगड’ या एकट्या शब्दावर ६,००० इंप्रेशन आणि २० क्लिक आहेत, तर ‘राजगड मुक्काम ट्रेक पुण्याहून’ यावर ९० इंप्रेशन आणि २२ क्लिक. पहिल्या ओळीकडे बघून जीव कासावीस होतो आणि शीर्षक बदलावंसं वाटतं. बदलू नये. ‘सिंहगड’ शोधणाऱ्याला तानाजी मालुसऱ्यांचा इतिहास हवा असेल, बसची वेळ हवी असेल, पिठलं-भाकरीचे फोटो हवे असतील. ट्रेकचं बुकिंग हवं असणारा त्यात क्वचितच. नुसतं ‘सिंहगड’ शोधणाऱ्यांसाठी शीर्षक मोघम केलंत, तर राजगडला मुक्काम करू पाहणारा नेमका वाचक हातचा जाईल.

सरासरी क्रमांकही असाच फसवतो. पान ‘राजगड मुक्काम’वर चौथ्या जागी आहे. मग ते नुसत्या ‘राजगड’वर चाळिसाव्या जागी दिसू लागतं. सरासरी घसरते, क्लिक तेवढेच राहतात. प्रत्यक्षात काहीही बिघडलेलं नाही. क्रमांक नेहमी एका क्वेरीचा बघावा, अख्ख्या साइटचा नव्हे.

आत आल्यावर

ॲनालिटिक्सचा एक महत्त्वाचा आकडा म्हणजे एंगेज्ड सेशन. त्याची व्याख्या नेमकी आहे: सेशन १० सेकंदांपेक्षा जास्त चाललं, किंवा दोन पानं बघितली गेली, किंवा एखादा ‘की इव्हेंट’ (तुम्ही महत्त्वाची म्हणून खूण केलेली कृती) घडला. तिन्हींपैकी एक पुरे. बाउन्स रेट म्हणजे यातून उरलेल्या सेशन्सचं प्रमाण. १० सेकंदांची मर्यादा सेटिंगमधून ६०पर्यंत वाढवता येते. लांब लेखांच्या साइटने ती ३० तरी करावी, नाहीतर वरचा फोटो लोड होण्याची वाट बघणाराही ‘रमलेला वाचक’ ठरतो.

पण एंगेज्ड नाही म्हणजे नाराज, असंही नाही. ‘शेवटची बस किती वाजता’ याचं उत्तर पहिल्याच ओळीत असेल तर वाचक आठ सेकंदांत समाधानाने निघून जातो. अशा पानाचा बाउन्स रेट जास्तच असणार, आणि तो कमी करायला उत्तर खाली ढकलणं हा वाचकाशी केलेला कद्रूपणा आहे.

बुकिंगवर चालणाऱ्या साइटला खरा आकडा व्हॉट्सॲपच्या बटणाचा. एन्हान्स्ड मेजरमेंट (आपोआप मोजणीची सेटिंग) चालू असेल तर बाहेरच्या डोमेनवर नेणारे क्लिक ॲनालिटिक्स आपोआप टिपतं, व्हॉट्सॲपची लिंकही त्यात येते. त्या डोमेनच्या अटीवर वेगळा इव्हेंट बनवा आणि त्याला ‘की इव्हेंट’ करा. फोन नंबरवरचा टॅप मात्र आपोआप नोंदला जात नाही, तो टॅग मॅनेजर या गूगलच्याच साधनातून बसवावा लागतो. की इव्हेंटची मोजणी खूण केल्यापासून पुढे होते, मागची नाही. त्यामुळे हे काम हंगामाआधी, मे महिन्यातच उरकावं.

उलट दिशेची गळतीही बघा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकलेल्या लिंकवरून येणारे बहुतेक जण ‘डायरेक्ट’मध्ये पडतात, जणू त्यांनी पत्ता पाठ करून टाइप केला. ग्रुपसाठी यूटीएम (वाचक कुठून आला ते सांगणारी लिंकच्या शेवटची खूण) जोडलेली वेगळी लिंक ठेवा आणि इंग्रजीतलं नाव नेहमी लहान अक्षरांत लिहा, कारण मोठं आणि लहान अक्षर वेगळे सोर्स धरले जातात. साइटच्या आतल्या लिंकना यूटीएम कधीही लावू नये. गूगलवरून आलेला वाचक आतल्या बॅनरवरून आल्यासारखा दिसू लागतो.

आणि घरचे? दोघं-तिघं दिवसातून दहादा साइट उघडून बघत असतील, तर छोट्या साइटचा अर्धा आलेख त्यांचाच. घरचा आयपी ‘इंटर्नल ट्रॅफिक’ म्हणून नोंदवा, आणि मग डेटा फिल्टर ‘टेस्टिंग’वरून ‘ॲक्टिव्ह’वर न्या. ही दुसरी पायरी राहून जाते आणि फिल्टर नुसता शोभेला उरतो. ब्रॉडबँडचा आयपी बदलता असेल तर तो अधूनमधून तपासावाही लागतो.

एक पान, दोन खिडक्या

ॲडमिनमधून दोन्ही साधनं जोडता येतात. जोडल्यावर सर्च कन्सोलचे रिपोर्ट ॲनालिटिक्समध्ये आपोआप दिसत नाहीत, लायब्ररीत जाऊन ते प्रकाशित करावे लागतात. पण जोडलं तरी कोणत्या शब्दावरून आलेल्याने बुकिंग केलं ते कळणार नाही. दोघांचा मुख्य सांधा म्हणजे लँडिंग पेज, वाचक साइटवर आल्या आल्या ज्या पानावर उतरतो ते. म्हणून बघायचं ते पानाच्या पातळीवर.

राजगडचं पान घ्या. सर्च कन्सोलमध्ये ‘पेजेस’मधून ते निवडून ‘क्वेरीज’वर या. पहिले वीस शब्द वाचा आणि स्वतःला विचारा, हे शब्द टाइप करणाऱ्याला मी जे देतो ते हवंय का? मग ॲनालिटिक्समध्ये त्याच लँडिंग पेजची गूगल-ऑरगॅनिक ओळ बघा: एंगेजमेंट रेट आणि की इव्हेंट. शब्द बरोबर आहेत पण बटण दाबलं जात नाही, तर दोष पानात. खर्च, निघायची वेळ आणि जागा शोधायला तीन स्क्रीन खाली जावं लागत असेल. शब्दच चुकीचे असतील, समजा ‘राजगड फोटो’, ‘राजगड माहिती निबंध’, तर पान कितीही सजवा, येणारी शाळकरी मुलं बुकिंग करणार नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं पान करा किंवा त्यांना हसून जाऊ द्या.

तुलना करताना तारखा डोळसपणे निवडा. ट्रेकच्या साइटला जूनची तुलना मेशी करून काही हाती लागत नाही, मागच्या जूनशी करावी लागते. सणांचं त्याहून अवघड. गणेश चतुर्थी २०२४मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५मध्ये २७ ऑगस्टला. उकडीच्या मोदकांच्या पानाचा सप्टेंबर सप्टेंबरशी ताडून पाहिला तर वाचक पळाले असं वाटेल. तिथे ‘चतुर्थीआधीचे दहा दिवस’ असे दोन पट्टे हाताने निवडावे लागतात.

आणि हे करायला मागचा डेटा हाताशी लागतो. सर्च कन्सोल १६ महिने ठेवतं, पण प्रॉपर्टी जोडल्यापासूनचाच. जोडताना ‘डोमेन’ प्रकार निवडून डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) नोंद करा, म्हणजे साइटचे सगळे पत्ते एका छत्राखाली येतात. ॲनालिटिक्सच्या तयार रिपोर्टांना मुदतीची झळ बसत नाही. पण ‘एक्सप्लोरेशन्स’मध्ये (स्वतः जुळवायच्या रिपोर्टांत) लागणारा बारीक डेटा मूळ सेटिंगमध्ये फक्त २ महिने राहतो. ॲडमिनमध्ये ‘डेटा रिटेन्शन’ १४ महिन्यांवर न्या. पुसला गेलेला डेटा त्याने परत येत नाही, पण या पावसाळ्याचा पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल.