तिथीची पाऊणपट आणि दीड तासाची उडी

कोकणात खाडीकाठच्या घरात भरतीची वेळ काढायला कुणी तक्ता उघडत नाही. तिथीची पाऊणपट केली की झालं. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. दुसरी भरती त्यानंतर साधारण 12 तास 25 मिनिटांनी. माझ्या सातवीच्या वर्गातली निम्मी मुलं हे घरूनच शिकून येतात.

एकदा एका मुलीने वहीच्या मागच्या पानावर पंधराही तिथ्या मांडल्या आणि मला दाखवायला आणल्या. "बाई, पुनवेला सव्वाअकरा येतात, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण. रोज पाऊण तासाने पुढे जाणारी भरती त्याच दिवशी दीड तास कशी उडी मारते?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते मी आवरलं, याचं मला आजही समाधान वाटतं.

शाळेत 'प्रकल्प' म्हटलं की थर्मोकोल, रंगीत कागद आणि दुकानातून आणलेली चित्रं डोळ्यांसमोर येतात. विषय शिक्षकांचा, उत्तर पुस्तकातलं, रात्रीची जागरणं आईची. मुलाच्या वाट्याला उरतो तो डिंक. मुलांनी चालवलेला प्रकल्प याच्या उलट टोकापासून सुरू होतो. प्रश्न मुलांचा हवा, आणि उत्तर कसं शोधायचं हेही त्यांनीच ठरवायला हवं. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी 1918 मध्ये प्रकल्प पद्धतीवर लिहिताना हाच आग्रह धरला होता : काम मुलाने मनापासून हाती घेतलेलं असावं.

मुलांनी ठरवलं, पंधरा दिवस भरती मोजायची. बांबूच्या काठीवर ऑइल पेंटने दर 10 सेंटिमीटरला खूण केली आणि ती जेटीच्या खांबाला बांधली. पाण्यात उतरायचं नाही आणि सोबत घरचं मोठं माणूस हवं, एवढे दोन नियम माझे. पाळ्या त्यांनीच लावल्या.

पहिल्याच दिवशी भांडण झालं. दोघांनी एकाच भरतीच्या दोन वेळा लिहिल्या होत्या, वीसपंचवीस मिनिटांच्या फरकाने. दोघंही खरं बोलत होते. पाणी एका वेगाने चढत नाही. सहा तासांच्या भरतीत पहिल्या तासाला एकूण उंचीचा बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी पुन्हा एक. पाणी 2.4 मीटर चढणार असेल तर शेवटच्या तासात जेमतेम 20 सेंटिमीटर, आणि शेवटच्या अर्ध्या तासात त्याच्याही चौथाईएवढंच. एखादी होडी शेजारून गेली तरी तेवढं पाणी हलतं. मग 'भरती पूर्ण झाली' हा क्षण पकडायचा कसा?

दोन दिवस वर्गात हाच विषय होता. कुणी म्हणालं मोबाइलवर व्हिडिओ काढू, कुणी म्हणालं दोघांची सरासरी घेऊ. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्गात फारसा बोलत नाही, फळ्यापाशी आला आणि एक टेकडी काढली. म्हणाला, वरचं टोक बघायचंच नाही. पाणी चढताना एका खुणेला लागेल ती वेळ लिहायची, उतरताना त्याच खुणेला येईल तीही लिहायची. भरती दोन्हींच्या मध्ये. खुणेपाशी पाणी झपझप सरकत असतं, त्यामुळे तिथली वेळ चुकत नाही. खाडीत पाणी चढतं त्याच वेगाने उतरेल असं नसतं, म्हणून खूण टोकाच्या जवळची घ्यावी, एवढीच भर मी घातली.

आलेख कसा काढायचा, हे मात्र मी नीट शिकवलं, सरळ फळ्यावर. याबाबत भाबडं राहून चालत नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या अभ्यासकांनी 2006 मध्ये ठणकावून सांगितलं होतं की नवशिक्याला मार्गदर्शनाविना सोडलं तर त्याची तोकडी कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी डोक्यात धरता येतं तेवढं, धडपडीतच खर्ची पडते आणि शिकणं बाजूला राहतं. शिक्षणसंशोधक मनू कपूर यांनी सिंगापूरच्या शाळांत केलेले प्रयोग दुसरी बाजू दाखवतात : मुलांनी आधी प्रश्नाशी झटापट केली, चुकली, आणि मग शिकवलं, तर संकल्पना अधिक खोल रुजते. मला दोन्ही पटतं. आलेखाची गरज मुलांना भासली त्या दिवशी मी आलेख शिकवला, आणि तो त्यांना एका तासात आला.

मग तिथीकडे वळलो. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी. त्याच्यासमोर पुन्हा यायला पृथ्वीला तेवढंच जास्त फिरावं लागतं, आणि स्वतःभोवती एक अंश फिरायला तिला 4 मिनिटं लागतात. बारा चोक अठ्ठेचाळीस. म्हणजे तिथीमागे भरती सरासरी 48 मिनिटं लांबायला हवी, आणि आपलं सूत्र धरतं 45. तिथीमागे 3 मिनिटं राहिली, पंधरा तिथ्यांत 45. ती सगळी थकबाकी प्रतिपदेला एकदम वसूल होते, म्हणून उडी दीड तासाची. 48 ने मोजलं तर 15 तिथ्यांत बरोबर 12 तास होतात, आणि उडी उरतच नाही. एक घटका 24 मिनिटांची, तेव्हा जुन्या मापात हेच 'तिथीला दोन घटका' इतकं सोपं बसतं. हे लक्षात आलं तेव्हा वर्गाइतकाच आनंद मला झाला.

मुलांचे ठिपके 48 च्या रेषेवरही सरळ बसले नाहीत. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भरती रोज कमी लांबते, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, जास्त, कारण चंद्राच्या ओढीत सूर्याचीही ओढ मिसळलेली असते. त्यातून तिथ्याही सारख्या लांबीच्या नसतात. आजोबांचं सूत्र त्यामुळे खोटं ठरलं नाही. होडी कधी काढायची एवढं ठरवायला ते पुरेसं आहे, आणि तोंडी हिशेबाला पाऊणकी सोयीची.

आता मुलांनी दुसरी काठी रंगवली आहे. खाडीत आत, वरच्या वाडीच्या साकवाला ती बांधायची आहे. जेटीवरची भरती तिथे किती मिनिटांनी पोचते, यावर वर्गात सध्या तीन वेगवेगळे अंदाज आहेत.