वाई: घाट, आळ्या आणि वाडे

सातारा जिल्ह्यातील कृष्णाकाठचे गाव. वाईचा जुना भाग रस्त्यावरून नीट कळत नाही, नदीकडून पाहावा लागतो. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी आणि भीमकुंड आळी या सातही आळ्यांचा कृष्णेशी स्वतंत्र संबंध आहे. प्रत्येकीचा आपला घाट आहे आणि त्यामागे देवळे व वाडे आहेत. बाजार आणि रहदारी आतल्या रस्त्यांवर राहिल्यामुळे घाटांचा परिसर बराच टिकला.

गावाचे आजचे रूप मुख्यतः अठराव्या शतकातले, रास्ते घराण्याने घडवलेले. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या वाईच्या भिकाजी नाईक रास्त्यांच्या कन्या. पेशव्यांशी जुळलेल्या या सोयरिकीने घराण्याकडे सत्ता आणि पैसा आला आणि त्यातला मोठा वाटा नदीकाठच्या बांधकामावर खर्च झाला. काशीविश्वेश्वराचे देऊळ आनंदराव भिकाजी रास्त्यांनी बांधले, तर ढोल्या गणपतीचे गणपतराव भिकाजींनी, १७६२ मध्ये. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. पुराचे पाणी अडून भिंतीवर आदळू नये, दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे म्हणून ती माशासारखी निमुळती केली आहे. मोठ्या पुरात पाणी देवळापर्यंत चढते, तेव्हा या रचनेचे मोल कळते.

कृष्णाबाईचा, म्हणजे देवीरूपातल्या कृष्णा नदीचा, उत्सव आळ्यांना बांधून ठेवतो. अफजलखानाच्या स्वारीचे संकट टळावे म्हणून शेंडे घराण्याने केलेल्या नवसातून तो सुरू झाला, अशी परंपरा आहे. हिवाळ्याच्या अखेरीपासून आळ्या पाळीपाळीने मंडप घालतात. त्यात देवीची स्थापना, कीर्तन, प्रवचन आणि महाप्रसाद होतो. वर्गणी, पंगत, मंडपाची जागा हे सगळे आळीच ठरवते. घाटाची झाडलोट आणि डागडुजी त्याच लोकांकडून होत आली, म्हणून उत्सवाकडे निव्वळ धार्मिक गोष्ट म्हणून पाहणे अपुरे ठरेल.

विद्येची परंपराही याच गल्ल्यांतली. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी १९१६ मध्ये प्राज्ञपाठशाळा सुरू केली. विनोबा भावे काही काळ त्यांच्याजवळ शिकले. केवलानंदांचेच शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. १९७६ मध्ये पहिला खंड निघालेल्या या कोशाचे संपादन एवढ्याशा गावातून चालले, याचे श्रेय इथल्या पाठशाळेला द्यावे लागते.

इथल्या वाड्यांची बांधणी देशावरच्या नेहमीच्या रीतीची: काळ्या दगडाचे जोते, दगडी तळखड्यांवर (खांबाखालच्या बैठकीच्या दगडांवर) सागवानी खांब, वर तुळया आणि कडीपाट (लाकडी कड्या व त्यांवर फळ्या), त्यावर मातीचा थर. वरच्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, दोन-अडीच फूट जाडीच्या. भार लाकडी सांगाडा पेलतो. भिंत बरीचशी अंग झाकण्यापुरती असते. त्यामुळे वाडा बहुधा वरून खराब होतो. एखादे कौल फुटले की पाणी पांढऱ्या मातीत मुरते, तिचा चिखल होतो आणि भिंत पोटातून फुगते. भिंतीत शिरलेली कडीची टोके ओलीने कुजतात. बाहेरून ती शाबूत दिसतात. हातोडीने ठोकल्यावर बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे असे समजावे.

दुरुस्तीत सर्वांत मोठे नुकसान सिमेंटच्या गिलाव्याने होते. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून धरते. मग भिंतीला लोणा (ओलीबरोबर वर येणारा क्षार) लागतो आणि गिलावा मातीचा पापुद्रा घेऊनच सुटतो. त्याऐवजी नीट भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि धुतलेली वाळू दोन ते तीन भाग घेऊन, पातळ थरांत, प्रत्येक थर ओला राखत काम करावे.

घाटांचा शत्रू म्हणजे पिंपळ आणि वड. सांध्यात रुजलेले रोप वरून छाटले तर मूळ आतून जाड होत जाते आणि पायरीचा दगड उचलला जातो. यावर खरा उपाय एकच आहे: दगडांवर क्रमांक घालून ते काढणे, मूळ पूर्ण उपटणे आणि दगड चुन्यात पुन्हा त्याच जागी बसवणे. वरच्या अंगाला धोम धरण झाल्यापासून उन्हाळ्यात पाणी सोडण्याच्या वेळापत्रकाप्रमाणे पात्र कमी-जास्त भरते, म्हणून घाटाचे काम हाती घेण्याआधी पाटबंधारे खात्याकडून आवर्तनाच्या (पाणी सोडण्याच्या पाळीच्या) तारखा घ्याव्या लागतात.